पळू का ओढू?

पायगोंडा पाटलाला 'ढ' म्हणता यायचा नाही. ढगाला डग, ढोलाला डोल आणि ओढला ओड. घरात सगळी कानडी. मराठी शिकला ती निपाणीच्या बाजारात, तंबाखूचे भाव ऐकत ऐकत. शाळेत मास्तरांनी कान पिळून लाल केले तरी ते अक्षर काही त्याच्या जिभेवर चढलं नाही, आणि ज्याला ढ येत नाही तोच खरा ढ, म्हणून सगळा वर्ग हसायचा. पुढं थोरल्या भावाबरोबर तो वखारीचा मालक झाला, डोक्याला जरीची टोपी आली, तेव्हा हसणारे आपोआप गप्प बसले. एका अक्षरावाचून माणसाचं काय अडतंय, असं त्यालाही वाटायचं. अडतं हो. असं अडतं की जन्मभर सुटत नाही.

ही गोष्ट दुसरी लढाई पेटायच्या दोनेक वर्षं आधीची. पायगोंडाला नाद लागला होता जुन्या मोटारीचा. नाद म्हणजे कसला, वेडच ते. एका जहागीरदाराच्या पागेत ती मोटार कितीतरी पावसाळे पडून होती. मागच्या बैठकीत कोंबड्या अंडी घालत होत्या, टपाच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि नाकावरची कंपनीच्या नावाची पट्टी कुणीतरी पितळ म्हणून उपटून नेली होती. त्यामुळं ती कुठल्या कंपनीची, हे शेवटपर्यंत कुणाला नक्की कळलं नाही. पण तिचे ते कंदिलाएवढे दिवे, लांबलचक नाक, बाहेरच्या अंगाला असलेला ब्रेकचा पितळी दांडा! पायगोंडा ती बघायला गेला आणि तिथंच विरघळला. बैल जुंपून मोटार निपाणीत आली तेव्हा अख्खा बाजार रस्त्यावर उतरला होता. थोरला भाऊ जिनपाल कपाळाला हात लावून वखारीच्या दारात उभा होता.

जिनपालानं जागा दिली, पण एका अटीवर. वखारीत वाळलेल्या तंबाखूची थप्पी छपरापर्यंत लागलेली असायची. एक ठिणगी उडाली तर घरादाराची राख, आणि पेट्रोलचा वास पानाला लागला तर मालाला कोण विचारतंय? म्हणून मोटारीचं इंजिन वखारीच्या आत सुरू करायचं नाही. आधी दोर लावून बाहेर ओढायची, उतारावरनं खाली रस्त्यावर न्यायची, मग काय फटफट करायची ती करा. जिनपाल चुकीचं काय बोलला नव्हता. शहाण्या माणसाचा शहाणा नियम होता तो.

मोटार ओढायला भरमू होता. भरमू गावडा, बेळगावच्या पलीकडच्या रानातल्या कणकुंबीचा. बेळगाव-निपाणी उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर डायव्हर. माणूस उंचापुरा, तोंडाचा फटकळ, हसायला लागला की पलीकडच्या गल्लीत कळायचं. सुट्टीच्या दिवशी इतर डायव्हर ज्या वाटेनं जायचे त्या वाटेनं तो जायचा नाही; तो पायगोंडाच्या वखारीत यायचा. पगार घ्यायचा नाही. एकदा पायगोंडानं पैशाची गोष्ट काढली तर दोन आठवडे तिकडं फिरकला नाही. जात निराळी, बोली निराळी, पंगत निराळी. पण दोघं त्या मोटारीच्या पोटाखाली शेजारी शेजारी पाठ टेकून पडले की तिथं कसली जात आणि कसलं काय. तिला 'बाईसाहेब' हे नावही भरमूनंच ठेवलं. पायगोंडाला सख्खे, चुलत मिळून भाऊ पुष्कळ, पण मनातलं बोलायला हा एकच माणूस होता.

पायगोंडा जैन, आणि पाळणारा जैन. बैठकीवरचं कातडं त्यानं पहिल्या दिवशीच उतरवलं. आतला घोड्याचा केस काढून सावरीचा कापूस भरला, वर वडगावच्या एका विणकराकडनं मुद्दाम विणून घेतलेलं निळं जाड कापड, त्याला लाल काठ. "बाईसाहेबांस्नी इरकल नेसवली की वो आण्णा," म्हणून भरमू पोट धरून हसला. हे झालं बैठकीचं. पण चाकांचं काय? बाजारातल्या ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते, असं कुणीतरी पायगोंडाच्या कानात घातलं होतं. झालं. ते ग्रीस घरात येणं शक्य नव्हतं. तो चाकांना एरंडेल घालायचा. एरंडेल सुकलं की चिकट होतं, तशी ती चाकं आतनं चिकटून बसायची. उतारावरसुद्धा मोटार आपल्या अंगानं गडगडायची नाही. तिला खालपर्यंत ओढतच न्यायला लागायचं.

ओढायची रीत ठरलेली होती. विहिरीच्या मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, पुढच्या आसाला बांधायचा. भरमू तो खांद्यावरनं घेणार, मोटारीकडं पाठ करणार, मान खाली घालणार आणि बैलासारखा जोर लावणार. पायगोंडा बाजूनं चालत, एक हात स्टेअरिंगवर ठेवून, ओरडत राहणार, "ओड! ओड!"

एक दिवस पायगोंडाची बायको ब्राह्मी दारात तांदूळ निवडत हे ऐकत होती. तिनं तोंडाला पदर लावला. कानडीत 'ओडु' म्हणजे पळ. ती कानडीतच नवऱ्याला म्हणाली, त्या माणसाला तुम्ही घटकाभर पळ पळ म्हणताय आणि तो बिचारा तुमची गाडी ओढतोय, शहाणा कोण म्हणायचा? भरमूला बाजारापुरती कानडी येत होती. त्याला हे कळलं आणि तो नाडा टाकून उतारावर खालीच बसला, डोळ्यांतनं पाणी येईतोवर हसला. त्या दिवसापासून दर खेपेला नाडा खांद्यावर घेतला की मागं न बघता विचारायचा, "पळू का ओढू, आण्णा?" आणि पायगोंडा म्हणायचा, "ओड रे, ओड." एवढं झाल्याशिवाय बाईसाहेब जागच्या हलायच्या नाहीत.

भरमूचं लग्न काही जमलं नव्हतं. कणकुंबीला म्हातारी आई, नागुबाई, तेवढीच. मिसरूड फुटायच्या आत हा पोरगा मोटार शिकायची म्हणून रान तुडवत बेळगावला पळून आला होता. आई वाटेत आडवी झोपली होती, तरी तिला ओलांडून आला. तेव्हापासून म्हातारीचं एकच पालुपद. भरमू तिची नक्कल करून दाखवायचा, कमरेत वाकून, हात नाचवत: "माझा भरमू कुणाचं म्हंजे कुणाचं आयकत न्हाई." नक्कल करताना हसायचा, पण ते ओलांडणं त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. एकदा मोटारीखाली पडल्या पडल्या तो म्हणाला की ज्या मोटारीसाठी आईला ओलांडून आलो, त्या मोटारीत तिला एकदा बसवायचंय. सर्व्हिस मोटारीच्या फळीवर नव्हे, असल्या राणीच्या बैठकीवर. पायगोंडानं तिथल्या तिथं शब्द दिला. बाईसाहेब चालू लागल्या की पहिली फेरी कणकुंबीची. देवाला नंतर, जिनपालाला नंतर, आधी नागुबाई.

म्हातारीला निरोप गेला आणि तिनं सगळ्या गावाला सांगितलं. मग रोज चेष्टा. काय गं नागू, कुठवर आली तुझी मोटार? तिची नजर मंद व्हायला लागली होती, थंडीत खोकला धरायचा. भरमू गावाहून परत आला की म्हणायचा, आण्णा, हात चालवाय पायजे, म्हातारी लई दिवस थांबंल असं वाटत न्हाई. तेवढ्यासाठी पायगोंडा दुपारचा झोपायचा बंद झाला. जुने भाग मिळेनात, तर कोल्हापूरच्या कारखान्यात नमुने देऊन पाडून घेतले. दिवाळीत इंजिन पहिल्यांदा बोललं. ते बोललं तेव्हा दोघंही ताठ उभे राहिले. भरमू मग तोंड फिरवून नाक पुसत बसला.

राहता राहिली चाकं. एवढी लांबची वाट, पुढं जांबोटीचं रान आणि घाटाची चढण, एरंडेलावर कुठं जमणार? पायगोंडानं बेळगावच्या एका दुकानदाराला चार वेळा खोदून खोदून विचारलं, आणि चरबीचा थेंब नसलेलं, नुसत्या खनिज तेलाचं ग्रीस मागवलं. संक्रांतीनंतरचा शनिवार ठरला. नागुबाईला निरोप गेला. आदल्या दिवशी पायगोंडानं एकट्यानं चारी चाकं उतरवली, जुनं एरंडेल खरवडून काढलं, आणि नवं ग्रीस भरलं. आता आखडता हात कशाला, म्हणून ओंजळीनं भरलं. चाक हातानं नुसतं ढकललं तर किती वेळ फिरत राहिलं. ब्राह्मीला हाक मारून त्यानं ते दाखवलं. इतकं सुख त्याला पोरगा झाला तेव्हाही झालं नव्हतं, असं ती पुढं म्हणायची.

शनिवारी दिवस उगवला तसा भरमू आला. न्हाऊन, नवा सदरा घालून, आईसाठी हिरवं लुगडं घेऊन. लुगडं त्यानं मागच्या बैठकीवर ठेवलं. नाडा बांधला, खांद्यावर घेतला, मान खाली घातली.

"पळू का ओढू, आण्णा?"

"ओड रे, ओड."

आणि मोटार आली. एरवी दहा हिसक्यांनी हलायची ती पहिल्याच हिसक्याला आली. वखारीचा उंबरठा सहज ओलांडला, पुढची चाकं उताराला लागली, आणि पायगोंडाच्या हाताखालनं ती पुढं सरकायला लागली. त्यानं ब्रेकचा दांडा मागं ओढला. दांडा आला, मोटार थांबली नाही. काल ओंजळीनं भरलेलं ग्रीस बाहेर येऊन ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरलं होतं. पुढं भरमूची पाठ. खाली घातलेली मान.

माणूस घाबरला की शिकलेली भाषा पळून जाते. पायगोंडाच्या तोंडातनं आईची भाषा निघाली.

"ओडु! भरमू, ओडु!"

"व्हय वो, वडतोय की," भरमू हसत म्हणाला, आणि त्यानं अंगातला सगळा जोर लावला. पण नाडा तर ढिला पडला होता. ढिल्या नाड्यावर जोर पडला तसा तो तोंडावर पालथा गेला. मोटार त्याच्या अंगावरनं गेली आणि समोरच्या कट्ट्याला टेकून थांबली.

निपाणीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि बेळगावला न्या म्हणाले, ताबडतोब. सर्व्हिस मोटार यायला अवकाश होता. मग काय करायचं? पायगोंडानं बाईसाहेबांचं हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. दिवाळीपासून दर खेपेला वीस-वीस फेरे मारून घेणारी ती मोटार, त्या दिवशी एका फेऱ्यात! हँडल तिथंच फेकून देऊन तिला लाथ मारावी असं त्याला वाटलं. जिनपालानं आणि हमालांनी भरमूला उचलून निळ्या बैठकीवर आडवं केलं, ब्रेकच्या पट्ट्या रॉकेलनं धुतल्या, आणि जिनपाल त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसला. जो आजवर त्या मोटारीला हात लावत नव्हता, तो.

वाटभर मोटार लोण्यावरनं चालावी तशी चालली. संकेश्वरच्या पुढं भरमूनं डोळे उघडले. त्याला बोलायचं होतं म्हणून पायगोंडानं मोटार झाडाखाली घेतली आणि मागं जाऊन गुडघ्यावर बसला.

"आज लई हलकी आलती बाईसाहेब," भरमू म्हणाला. "तुमी वड म्हनला, मी वडलं. जरा जादाच वडलं वाटतं."

पायगोंडाच्या ओठांवर आलं होतं. मी ओढ म्हणालो नाही रे, पळ म्हणालो. पण ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू मरतोयस तो माझ्या जिभेपायी? त्यानं नुसता भरमूचा हात घट्ट धरला. भरमूनं त्याच्याकडं बघितलं, त्याला काय कळलं काय नाही देव जाणे, आणि म्हणाला, "म्हातारीला बसवा हं, आण्णा. थांबली असंल ती." मग जिनपाल हळूच म्हणाला की आता बोलू नको, आणि तो बोलला नाही. बेळगावच्या अलीकडचं काकती आलं तेव्हा जिनपालानं मागनं धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. काही सांगायला लागलं नाही.

बेळगावात दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली. सह्यासोपस्कार सगळे जिनपालानं केले. तो म्हणाला, इथंच उरकू, म्हातारीला बोलावणं धाडू. पायगोंडा म्हणाला, नाही. शब्द दिलाय, पहिली फेरी कणकुंबीची. जिनपालानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि परत मागं जाऊन बसला.

जांबोटीच्या पुढं रान लागलं. पायगोंडाला एकेक वळण पाठ होतं, भरमूच्या तोंडून ऐकून ऐकून. इथं गवा आडवा येतो. इथं म्हातारी लाकडं गोळा करायला यायची. घाटात बाईसाहेब एकदाही अडल्या नाहीत. त्यांच्यात कसलीच खोट राहिली नव्हती, आणि ते चांगलं चाललेलं इंजिन ऐकत पायगोंडा रडत होता, मोठ्यानं, लहान पोरासारखा, आणि मागं जिनपालाला ऐकू जातंय याची त्याला शरम वाटत नव्हती.

दिवस मावळतीला आला होता. नागुबाई गावाच्या तोंडाशी सकाळपासून उभी होती. हातात तबक, त्यात नारळ, हळदकुंकू आणि चाकाखाली ठेवायला लिंबू. आवाज आला तशी पोरं ओरडली, आणि म्हातारी सगळ्यांना हातानं बाजूला सारत पुढं आली. मोटार थांबली. ती चाचपडत थेट हाकणाऱ्याच्या बाजूला गेली. दुसरं कोण हाकणार होतं? तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि पायगोंडाच्या कपाळाला लावलं. मग तिचा हात वर गेला, जरीच्या टोपीला लागला आणि थबकला.

"ह्यो माझा न्हवं," ती म्हणाली. "माझा कुठाय?"

पायगोंडा खाली उतरला. त्याला मराठी आठवेना, कानडी आठवेना. त्यानं तिचा हात धरून मागचं दार उघडलं. नागुबाई वाकली, हातानं बघितलं. पाय, छाती, तोंड. तबक तिनं शेजारणीच्या हातात दिलं, आत चढली, लेकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि निळ्या बैठकीवर टेकून बसली. हिरवं लुगडं तिथंच होतं, ते तिनं त्याच्या अंगावर घातलं. भोवती सगळं गाव गोळा झालं होतं, पण दाराजवळ यायला कुणी धजत नव्हतं.

बायांनी रडणं धरलं, बाप्ये लाकडांच्या तयारीला गेले. नागुबाई उतरायला तयार नव्हती. पायगोंडा दाराशी उभा होता. कसं झालं, म्हणून तिनं विचारलं, आणि त्यानं सांगितलं: वखार, उतार, नाडा. एक शब्द तेवढा राहिला. तो सांगायचाच, असं ठरवून तो घाट चढला होता. आता तो सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली.

"ल्हानपनापासनं कुणाचं आयकलं न्हाई ह्यानं," भरमूच्या केसांतनं हात फिरवत ती म्हणाली. "बाचं न्हाई, माजं न्हाई. मला वलांडून गेला. तुमचं तरी आयकायचा काय वो, सावकार?"

पायगोंडानं डोक्यावरची जरीची टोपी काढून हातात घेतली.

"व्हय," तो म्हणाला. "माझं ऐकलं त्यानं."

नागुबाईचा चेहरा एकदम सैल पडला. एवढ्या दुःखातही तिला त्याचं बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. तिनं अंधूक डोळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, दारातनं हात बाहेर काढला आणि त्याच्या पाठीवरनं फिरवला.

"बरं झालं, बाबा," ती म्हणाली. "एकाचं तरी आयकलं."

पायगोंडा मोटारीच्या पायरीवर खाली बसला. राहिलेला तो एक शब्द सांगायचं त्याच्यात बळ उरलं नाही, आणि म्हातारीचा हात मात्र त्याच्या पाठीवरनं फिरतच राहिला.